पिवळ्या टोपीचा एक पॉइंट

आखातातल्या रास अल खैमात त्या काळी दोन माणसं अशी होती, की ग्रोसरीत, सलूनमध्ये, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा लोक त्यांना थांबवून विचारायचे, "शुक्रवारी आहात ना?" एक अमेरिकन लॉईड पिकेट. तो कधी हरत नसे. आणि दुसरा आपला अंबादास नेवासकर. तो कधी जिंकत नसे. जिंकणं लांबच राहिलं, तो कधी तिसरासुद्धा आला नव्हता. आणि चौघांच्या शर्यतीत तिसरं यायला असं लागतं काय? एकाला मागं टाकलं की झालं!

अंबादास मूळचा संगमनेरचा, इथं टाइलच्या फॅक्टरीत भट्टीवर सुपरवायझर. भट्टीचं काम म्हणजे घाई न करण्याचं काम. टाइल तिच्या वेगानं आत सरकते, तिच्या वेगानं भाजते, माणसानं बाहेर उभं राहून काटे बघायचे. प्रॉडक्शन मॅनेजर धावत यायचा, "अंबादास, जल्दी करो यार, शारजावाले का ट्रक खडा है!" तर हा चष्मा पुसत म्हणायचा, "सर, टाइलला सांगून बघतो."

गाडी चालवण्यातही तोच खाक्या. लायसन्सच्या टेस्टमध्ये तो सहा वेळा नापास झाला, आणि सहाही वेळा राउंडअबाउटवर. डावीकडून कुणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. अंबादास कुणी येत नसलं तरी जाऊ द्यायचा. शेजारी बसलेले शुर्तासाहेब, म्हणजे पोलीस, डोक्याला हात लावायचे. "व्हाय स्टॉप, मिस्टर? एम्प्टी! शूफ, शूफ, ऑल एम्प्टी!"

"यस सर. बट समबडी मे कम, सर."

"खलास. नेक्स्ट मंथ."

सातव्या वेळी राउंडअबाउटवर शेळ्या आल्या. सगळ्यांनाच थांबावं लागलं, आणि अंबादास पास झाला.

असा माणूस बिनब्रेकच्या मोटरसायकलवर कसा बसला, त्याला कारण गिरिजाची शेंगदाण्याची चटणी. गिरिजा म्हणजे अंबादासची बायको. ती घरून डबे करायची. फॅक्टरीतले, सिमेंटवाले, पोर्टवरचे मिळून तीसेक जण तिच्या हातचं जेवायचे. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात फॅक्टरीचा जनरेटर बसला, तेव्हा दगडाच्या खाणीवरून एक गोरा मेकॅनिक बोलावला. उंच, वाळका, उन्हानं तांबूस झालेला, चालताना डावा पाय जरा फेकणारा. हाच लॉईड. जेवणाच्या सुट्टीत अंबादासनं सवयीनं म्हटलं, "प्लीज सर, लिटल लंच." लॉईडनं चटणीचा ढीगच्या ढीग चमच्यानं तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि मग ते लांबलचक, च्युइंगगमसारखं ताणलेलं बोलणं: "वेऽऽल, ऍम्बी... धिस इज बेटर दॅन रेसिंग फ्यूल."

लॉईडची कथा त्या दिवशी जनरेटरखाली झोपल्या झोपल्या बाहेर पडली. पंधराव्या वर्षापासून तो कॅलिफोर्नियात जत्रांच्या मैदानांवर शर्यती मारायचा. पोस्टरवर त्याचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. दोन वर्षं इंग्लंडच्या लीगमध्ये काढली. तिथं पावसात चिखल खाल्ला आणि लोकांचं प्रेमही खाल्लं. गळ्याखालचं हाड तीनदा मोडलं. चाळिशी आली, तरुण पोरं पुढं गेली, बायको तर त्याआधीच गेली होती, आणि लॉईड खाणीच्या इंजिनांची डागडुजी करायला इथं आला. येताना कपड्यांची एक बॅग आणली आणि कंटेनरमध्ये सहा जुन्या शर्यतीच्या मोटरसायकली.

खाणीमागच्या सपाट जमिनीवर त्यानं मैदान आखलं. जमीन सुहैल नावाच्या इथल्याच तरुणाच्या वडिलांची. सुहैलनं ती एका अटीवर मिळवून दिली होती: एक गाडी त्याला. खाणीतले फाटके कन्व्हेयर बेल्ट उभे करून कुंपण झालं. पाण्याचा टँकर चालवणारा जहूर पठाण दर शुक्रवारी वाळूवर पाणी मारायचा आणि मग टँकरच्या टपावर चढून भोंग्यातून कॉमेंट्री करायचा. खेळ समजायला दोन मिनिटं पुरतात. चार गडी, अंडाकृती मैदान, घड्याळाच्या उलट दिशेनं चार फेऱ्या. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक नाही. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचं आणि डाव्या बुटाखाली बांधलेला पोलादी तळवा वाळूत घासत वळायचं. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. चौथ्याला शून्य.

आणि चौथाच नव्हता! लॉईड, सुहैल आणि क्रेन चालवणारा फिलिपिनो बोयेत, तिघंच. पत्त्यांचा डाव चौथ्या भिडूसाठी अडावा तशी शर्यत अडली होती. लॉईडनं अंबादासकडं बघितलं.

"मी?" अंबादास म्हणाला.

"यू हॅव अ लायसन्स, डोन्ट यू?"

शेळ्यांचं काही अंबादास बोलला नाही.

चौघांच्या हेल्मेटवर ओळखू यायला चार रंगांच्या कापडी टोप्या असत. पिवळी उरली होती, ती त्याला मिळाली. पहिल्या शर्यतीत पहिल्या वळणाआधी त्यानं डावा हात लांब करून सिग्नल दिला. दुसऱ्या फेरीत लॉईड मागून आला, तर यानं बाजूला होऊन हातानं "या, या" केलं. गर्दी जी हसायला लागली ती थांबेचना. टपावरून जहूर ओरडत होता, "ओये देखो, हमारा पीला टोपी सबको रास्ता देता है! इतना शरीफ आदमी हमने पेशावर में भी नहीं देखा!"

चौथा नंबर. शून्य. पण गाडीवरून उतरताना अंबादासचा चेहरा असा फुलला होता, की घरी दार उघडताच गिरिजानं विचारलं, "काय हो, प्रमोशन?"

पुढच्या शुक्रवारी ती स्वतः बघायला आली. बरोबर दहा वर्षांची अंतरा आणि पोह्यांचा डबा. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, भाजीवाल्याकडचा दुधी बघावा तशी बारकाईनं.

"ब्रेक कुठाय?"

"नाहीये."

"तुटलाय?"

"नाही गं, नसतोच."

"नसतोच म्हणजे? मग थांबता कसं?"

"थांबत नाही. शर्यत संपली की आपोआप..."

"आपोआप?" गिरिजाचा आवाज असा चढला, की टँकरवरून जहूरनं भोंगा खाली ठेवला. ती लॉईडकडं वळली. "लॉईडभावजी, धिस इज नॉट गुड. ही इज हॅविंग फॅमिली."

"यस, व्हायनी," लॉईड टोपी काढून म्हणाला. तिला वहिनी म्हणायचं हे अंबादासनं त्याला शिकवलं होतं. "बट ही वॉन्ट्स वन पॉइंट. जस्ट वन."

गिरिजानं नवऱ्याकडं बघितलं. पिवळी टोपी, तोंडभर वाळू, आणि डोळ्यांत असं काहीतरी, जे भट्टीवरून घरी येताना कधी नसायचं. तिनं श्वास घेतला. "बरं. एक पॉइंट. एक मिळवा आणि मग हे खूळ बंद. बोला, कबूल?"

"कबूल!" अंबादास म्हणाला. त्याच्या हिशेबानं दोन शुक्रवारांचं काम होतं.

आठ हिवाळे गेले.

त्यातल्या सगळ्या शर्यती सांगत बसलं तर रमजान येईल. पण एक-दोन सांगायलाच हव्यात. शहाण्णव साली तो शेवटच्या वळणापर्यंत तिसरा होता. मैदान उभं राहिलं. फॅक्टरीतले केरळी "अंबादासेट्टा, पो, पो!" म्हणजे दादा, जा, जा, असं ओरडायला लागले. एवढं प्रेम बघून त्याला राहवेना, त्यानं एक हात सोडून सगळ्यांना नमस्कार केला. बोयेत आतल्या बाजूनं पुढं निघून गेला.

अठ्ठ्याण्णवची तर अजून वाईट. सुहैल आणि बोयेत एकमेकांत अडकून पडले. लॉईड केव्हाच पुढं. अंबादासनं नुसतं चालत राहायचं होतं. दोन पॉइंट ताटात वाढलेले. पण पडलेल्या माणसाशेजारून गप्प जाणं त्याला कधी जमलंच नाही. त्यानं वेग सोडला, पाय घासत गाडी थांबवली, आडवी केली, आणि धावत जाऊन सुहैलला उठवलं. "लागलं का? चोट लगा? व्हेअर पेन?" त्याची गाडी उभी करून दिली. चाकात गुंतलेलं कापड काढून दिलं. "शुक्रन, हबीबी!" म्हणत सुहैल गाडीवर बसला आणि निघून गेला. मग बोयेतला उठवलं. तोही "थँक यू, कुया!" म्हणून गेला. कुया म्हणजे त्यांच्याकडं दादा. दादा आपल्या गाडीपाशी परत आले तेव्हा शर्यत संपली होती.

"ऍम्बी," लॉईड त्या दिवशी त्याच्याशेजारी वाळूत बसून आपल्या इंग्रजीत म्हणाला, "नियम सांगतो. पडलेल्याला बघायला माणूस आहे. हलिमा नर्स तिथं खुर्चीवर बसलीय, बघ. तिचं काम तिला करू दे."

"बरोबर आहे," अंबादास म्हणाला. "पण तिची खुर्ची लांब आहे ना."

लॉईड हसत मागं वाळूवर आडवा झाला. त्याच्या लोकप्रियतेचं गुपित हेच असावं. जिंकल्यावर तो एक फेरी पुढचं चाक उचलून मारायचा, लोक वेडे व्हायचे. पण नंतर गाडी ढकलत तो नेहमी हरलेल्याकडं यायचा, बसायचा, पाणी प्यायचा. इंग्लंडातही म्हणे असाच.

जहूर टँकरच्या मागच्या पत्र्यावर खडूनं हिशेब ठेवायचा. चार नावं, चार रांगा. अंबादासपुढं शून्यामागून शून्य, शून्यामागून शून्य, अगदी पत्र्याच्या कडेपर्यंत. पाणी उडून इतरांचे आकडे पुसले जायचे, याची शून्यं मात्र जहूर दर आठवड्याला गिरवून ठेवायचा. "ये रेकॉर्ड है भाई. ये खराब नहीं होना."

आता लोक म्हणजे लोक. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला सुजातानं, म्हणजे सिमेंटवाल्या इनामदारांच्या बायकोनं, वाण घेता घेता सगळ्यांदेखत म्हटलं, "गिरिजा, तू फसलीस गं! पॉइंट मिळाला की खेळ बंद, असंच ठरलंय ना? मग मिळवतील कशाला ते? चांगले हुशार आहेत तुझे मिस्टर."

बायका हसल्या. गिरिजाही हसली. पण घरी आल्यावर तिनं वाणाची वाटी ओट्यावर आपटली.

"अहो, खरं सांगा. मुद्दाम हरता का?"

अंबादास अंतराच्या सायकलची चेन बसवत होता. हात काळे. त्यानं चेन दात्यांवर चढवली आणि म्हणाला, "अगं, सगळं आयुष्य मी काटे बघत उभा राहिलो. आत आग, बाहेर मी. या गाडीवर बसलो की मी आत असतो. मला तो एक पॉइंट हवाय गिरिजा. मुद्दाम कसा हरेन? हरायला मला मुद्दाम काही करावं लागत नाही."

तिनं त्याच्या काळ्या हातांवर साबणाचा चुरा ओतला आणि म्हणाली, "नीट घासा. फ्रीजला डाग पाडाल."

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये बातमी आली. मैदानावरून नवा रस्ता जाणार. लॉईडच्या मुलीला कॅलिफोर्नियात मुलगा झाला होता, त्यामुळं तोही चालला. बोयेतची रुवैसला बदली. अंतरा अठराची झालेली, जूनमध्ये पुण्याला कॉलेजला. म्हणजे सगळंच एकदम आवरत चाललं होतं, आणि शेवटचा शुक्रवार उरला होता.

"बाबा, जस्ट वन पॉइंट," अंतरा गाडीत मागून म्हणाली. ती कधीही मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर द्यायची. "अँड प्लीज, बाबा, नो सोशल वर्क."

"नाही करणार."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"दोन्ही हातांची बोटं दाखवा," गिरिजा पुढच्या सीटवरून म्हणाली. "बोटांची फुली नाही ना केली? आता मला बाई ऐकायचं नाही की कुणीतरी पडला होता म्हणून."

त्या दिवशी मैदानावर एवढी माणसं आली, की कन्व्हेयर बेल्टचं कुंपण वाकलं. पिकअपच्या टपांवर माणसं, डोंगराच्या उतारावर माणसं. जहूरनं भावनेच्या भरात जरा जास्तच पाणी मारलं होतं; वाळू शिऱ्यासारखी झाली होती. शेवटची शर्यत. लाल टोपी लॉईड, निळी सुहैल, पांढरी बोयेत, पिवळी अंबादास. सुरुवातीला आडवी ताणलेली इलॅस्टिकची दोरी सट्‌कन वर गेली आणि चौघं सुटले.

"गया, गया, गया!" जहूर किंचाळला. "लॉईड साब आगे! पीछे सुहैल! और पीला टोपी... अरे... अरे, पीला टोपी आज हाथ नहीं दिखाता! सीधा जाता है!"

खरंच, अंबादासनं आज कुणाला वाट दिली नाही. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. बोयेत त्याच्यापुढं पाच हातांवर. त्याच्या चाकाची वाळू याच्या तोंडात, गॉगलवर, दातांत. चौथ्या फेरीच्या मध्यावर खाड्‌कन आवाज झाला. बोयेतची चेन तुटली. गाडी फिरली, बोयेत एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला.

सगळ्यांना कळलं. बोयेतची गाडी संपली, तो आता शर्यतीत नाही. अंबादासनं नुसतं पुढं जायचं, अर्धी फेरी, आणि पॉइंट त्याचा. आणि सगळ्यांना हेही माहीत होतं, की अंबादास काय करणार.

"बाबा, नो!" अंतरा ओरडली.

अंबादासनं प्रॉमिस केलं होतं. तो थांबला नाही. पण हात तो हातच! त्यानं आपोआप वेग सोडला, आणि बोयेतशेजारून घसरत जाताना मान वळवून त्यानं विचारलंच, "लागलं का रे?"

"नो, कुया! गो! गो!" बोयेत वाळूत बसल्या बसल्या दोन्ही हातांनी त्याला हाकलत होता. "डोन्ट टॉक! गो!"

अंबादासनं वेग वाढवला. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. ओल्या वाळूचं पाणी कुठं गेलं देव जाणे, एकदा फुस्स केलं आणि बंद पडलं. गाडी दहा हात घरंगळली आणि शिऱ्यात चमचा रुतावा तशी उभी राहिली.

तिकडं लॉईड आणि सुहैल पोचले होते. इकडं शंभर-सव्वाशे हात बाकी होते. नियम असा, की गाडी ढकलत नेऊन रेषा ओलांडली तरी चालते. पण एकट्यानं. ढकलताना दुसऱ्या कुणाचा हात लागला, की बाद. आणि तेही तीन मिनिटांच्या आत. लॉईडनं गाडीवरून उडी मारली आणि मनगटावरचं घड्याळ वर धरलं.

अंबादासनं हँडल धरलं, वाकला, आणि ढकलायला लागला.

आता इथल्या माणसांची एक खोड आहे. ज्यानं एकदा तरी इथल्या वाळूत गाडी रुतवलीय, त्याला दुसऱ्याची रुतलेली गाडी बघवत नाही. कुणाची का असेना. लँडक्रूझरवाला सूट सांभाळत उतरतो, बसमधले कामगार डबे खाली ठेवतात, कुणी कुणाला ओळखत नाही, "यल्ला, एक दो तीन" म्हणतात, गाडी काढून देतात आणि आपल्या वाटेनं जातात. आभारही मानायचे नसतात. आणि इथं तर अंबादास होता, आठ वर्षांपासूनचा लाडका अंबादास, घोट्यापर्यंत रुतलेला, चेहरा टोमॅटोसारखा. कुंपणाच्या चारी बाजूंनी माणसं मैदानात घुसली. शंभर तरी असतील. बाह्या वर करत.

"पकडो, पकडो!"

"आगे से खींचो!"

"अंबादासेट्टा, वी आर कमिंग!"

"हाथ मत लगाओ!" जहूर भोंग्यातून जीव तोडून ओरडत होता. "खुदा के वास्ते, हाथ मत लगाओ! बाद होगा!" पण त्या गोंधळात कोण ऐकतंय!

आणि मग गिरिजा धावली. साडीचा पदर खोचून, एका हातात रिकामा पोह्यांचा डबा, दुसऱ्या हातात त्याचं झाकण. ती अंबादासच्या मागं जाऊन उभी राहिली, गर्दीकडं तोंड करून, आणि झाकण डब्यावर दण्‌दण् वाजवायला लागली.

"मागं व्हा! पीछे! एव्हरीबडी पीछे! जो हात लावेल त्याचा उद्यापासून डबा बंद!"

त्या गर्दीतले तीस जण जागच्या जागी थिजले. एकानं तर लावायला पुढं केलेला हात खिशात घातला. उरलेल्यांना त्या तीस जणांनी धरून ठेवलं. "रुको भाई, रुको, मॅडम बोलती है!" अंतरा पलीकडच्या बाजूला दोन्ही हात पसरून उभी. "नोबडी टचेस माय फादर!" अंबादास ढकलत होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी शंभर माणसं त्याच्याच वेगानं पावलं टाकत चालली होती, हात पाठीमागं बांधून, जणू एखाद्या मोठ्या साहेबाला फॅक्टरी दाखवताहेत.

"एक मिनिट झालं!" लॉईड ओरडला. मराठीत.

"अहो, वाकून ढकला!" गिरिजा उलटी चालत होती, डबा वाजवत होती. "गॅसचा सिलेंडर वर आणता तसं! कंबर खाली! श्वास घ्या!"

"घेतो... य..."

"बोलू नका!"

साठ हात. चाळीस. एका ठिकाणी गाडी कलली. शंभर माणसांचे हात एकदम पुढं आले आणि एकदम मागं गेले. अंबादासनं ती मांडीवर झेलली, सरळ केली. "थर्टी सेकंड्स, ऍम्बी!" लॉईडचा आवाज फाटला. ज्या माणसानं इंग्लंडात आणि कॅलिफोर्नियात शेकडो शर्यती जिंकल्या, तो दुसऱ्याच्या तिसऱ्या नंबरासाठी गुडघ्यांवर बसून वाळू थोपटत होता. सुहैल हेल्मेट आपटत ओरडत होता, "यल्ला! यल्ला! यल्ला!"

वीस हात. दहा. अंबादासचा एक बूट वाळूत राहिला. तो तसाच, एका मोज्यावर. पाच. पुढचं चाक रेषेवर आलं, अडलं, त्यानं डोळे मिटून खांद्यानं धक्का दिला, आणि गाडी आणि अंबादास दोघंही रेषेपलीकडं आडवे झाले.

लॉईडनं घड्याळ बघितलं. गर्दीकडं बघितलं. "हू टच्ड हिम?"

"कोई नहीं!" शंभर माणसं म्हणाली.

"व्हायनी?"

"मी कशाला हात लावतेय!" गिरिजा धापा टाकत म्हणाली. "आठ वर्षं थांबलेय मी."

लॉईडनं एक बोट वर केलं. जहूर टपावरून उडी मारून खाली आला, पत्र्यापाशी गेला. कडेपर्यंत शून्यंच शून्यं, जागाच नव्हती. मग त्यानं टँकरच्या दाराला वळसा घातला आणि दारावर, हँडलच्या वर, हातभर उंचीचा एकाचा आकडा काढला.

अंबादास वाळूत पडल्या पडल्या तो बघत होता. गॉगल वर केलेला, डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं, बाकी सगळा चेहरा वाळूचा. गिरिजा त्याच्याजवळ बसली. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि मग कान, आणि मग पुन्हा तोंड.

"मिळाला," तो म्हणाला.

"दिसतंय मला. केवढा मोठा काढलाय मेल्यानं."

"आता बंद. ठरल्याप्रमाणं."

"ते बघू नंतर," ती म्हणाली. "आधी गाडीवर बसा."

"चालू होत नाहीये गं. इंजिन ओलं आहे."

"बसा म्हणते ना."

त्याला लॉईडनं आणि सुहैलनं उचलून बसवलं. गिरिजानं डबा अंतराच्या हातात दिला, दोन्ही तळवे साडीला पुसले, मागच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवले आणि त्या शंभर माणसांकडं वळून म्हणाली, "हां, आता लावा हात. शर्यत संपली."

मग जे काही झालं त्याला फेरी म्हणायचं की वरात, जहूरलाही ठरवता येईना. इतका वेळ आवळून धरलेले शंभर जणांचे हात एकदम सुटले. ज्याला गाडीला जागा मिळाली नाही त्यानं पुढच्याच्या पाठीला हात लावला, आणि त्याच्या पाठीला आणखी कुणी. लंगडत बोयेत आला, खुर्ची सोडून हलिमा नर्स आली. पिवळी टोपी सगळ्यांच्या वर डोलत होती. पहिलं वळण आलं तेव्हा अंबादासनं डावा हात लांब करून सिग्नल दिला, आणि मागच्या शंभर माणसांनीही दिला.

"धीरे, अंबादास भाई, धीरे!" भोंग्यातून आवाज येत होता. "ब्रेक नहीं है!"

"अजून एक फेरी!" गिरिजा मागून ओरडली, आणि सगळ्यात जोरात ढकलायला लागली.